अंथरुणाशेजारचे कापड

श्रावणातल्या एका सकाळी आमगावकडच्या एका खेड्यातून एका वृद्ध गृहस्थांना माझ्या दवाखान्यात आणण्यात आले. वय ७८, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू दुबळी झालेली, तेव्हापासून बहुतेक काळ खाटेवरच. सोबत सून होती. दोन दिवसांपासून ते असंबद्ध बोलत आहेत आणि जागेपणीही डोळे मिटून पडून राहतात, असे तिने सांगितले. जीभ कोरडी पडली होती, अंगात बारीक ताप होता आणि लघवी थोडी, गडद व उग्र वासाची होत होती. म्हातारपणी लघवीचा जंतुसंसर्ग पुष्कळदा असाच येतो. तरुणाला होणारी जळजळ त्यात फारशी जाणवत नाही, आधी भान हरपते. तपासताना जांघेतली कातडी लालबुंद व चकचकीत झालेली दिसली. त्या लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्याही होत्या, म्हणजे तिथे बुरशीही वाढली होती.

औषधे व सलाईन सुरू केले. चौथ्या दिवशी आजोबा पुन्हा नीट बोलू लागले, तेव्हा मी विचारले, "आजोबा, पाणी का पीत नाही?" ते सुनेकडे न पाहता म्हणाले, "पानी पेलो का मंग हे बदलावं लागते, डाक्टर. एक नग चाळीस रुपयाचा."

दुकानातून डायपर आणताना झालेले बोलणे त्यांच्या कानावर पडले होते. मग दुपारचा चहा झाल्यावर त्यांनी पाण्याला तोंड लावणे सोडले होते. सूनही काटकसर करीत होती. दिवसाकाठी चार लागायचे तिथे ती दोनच वापरी आणि तुडुंब भरल्याशिवाय काढीत नसे. त्या घरात कोणी कोणाला दोष देण्यासारखे काही नव्हते. दोष द्यायचाच तर थोडा मला द्यावा लागेल. झटक्यानंतर घरी पाठवताना 'डायपर वापरावेत' असे मीच लिहून दिले होते. ते कितीला पडतात, याचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नव्हता.

हिशेब सरळ आहे. रोजचे चार नग, प्रत्येकी ४० रुपये धरले तर महिन्याचे ४८०० रुपये होतात. कंपनी, आकार व दुकान यांनुसार दर खालीवर होईल. रुग्णांच्या डायपरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्याचा फरक पाकिटावर दिसतो की नाही हेही पाहून घ्यावे. परंतु श्रावणबाळ योजनेचे मानधन महिन्याला १५०० रुपये आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी ते मानधन येते, त्यांच्या केवळ डायपरलाच त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम लागते. उरलेली रक्कम कोणाच्या मजुरीतून येते, हे आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. ही सून त्या दिवशी धानाची रोवणी सोडून आली होती.

यावर कापडी डायपर हा उपाय पुष्कळांना सुचतो आणि तो चांगलाही आहे. मात्र 'कापड ते उत्तम आणि विकतचे ते वाईट' इतके हे सोपे नाही. विकतच्या डायपरच्या पोटात सोडिअम पॉलिॲक्रिलेट नावाची भुकटी असते. ती लघवी शोषून तिचा घट्ट गर करते, त्यामुळे वरचा थर बराच कोरडा राहतो. कापडाला हे जमत नाही. ओले झालेले कापड ओलेच राहते आणि ते वेळेवर बदलले नाही तर विकतच्या डायपरहूनही लवकर कातडी बिघडवते. कापडाची मदार बदलणाऱ्या हातांवर असते. हात कमी असतील, रात्री उठणारे कोणी नसेल, तर रात्रीपुरता विकतचा एक डायपर लावावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

कातडी बिघडते कशी, हे एकदा समजून घेतले की कापडाची निवड सोपी होते. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचे कवच. लघवीतील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, त्याने हे कवच उतरते. त्यातच शौच मिसळले तर त्यातील पाचकद्रव्ये अशा वातावरणात अधिक जोमाने कातडीवर काम करू लागतात. वृद्धांची कातडी मुळात पातळ, त्यात ओलाव्याने फुगलेली. अशा कातडीवर खरखरीत कापड घासले की ती सोलते. म्हणून तीन गोष्टी हव्यात: ओल चटकन टिपून घेणारे कापड, मऊ स्पर्श आणि थोडी तरी हवा.

आपल्या घरांत हे कापड नेहमीच होते. बाळंतिणीच्या खोलीत आजीच्या जुन्या लुगड्याची बाळुती असत. नवे कापड बाळाला लावू नये असे म्हाताऱ्या बायका सांगत, त्याला आधार आहे. नव्या सुती कापडावर खळ व गिरणीतील प्रक्रियेचे अंश असतात, त्यामुळे ते पाणी लवकर धरत नाही. वर्षानुवर्षे धुतलेले सूत मऊ होते आणि थेंब पडताच पिऊन टाकते. कोष्टी विणकरांच्या मागावरची नागपुरी लुगडी आणि १८७७ साली १ जानेवारीला नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांचे कापड आपल्या भागातील पिढ्यांनी असेच शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले. आज अडचण एवढीच की पेटीतली जुनी साडी खरोखर सुती आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. टेरिकॉटचा वा पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कडक गुंडी होते. गुंडी झाली तर ती साडी गोधडीला द्यावी.

नवे कापड घ्यायचे झाल्यास मलमल मला सर्वांत आवडते. पातळ, मऊ, लवकर वाळणारे आणि थर वाढवावेत तितके पाणी धरणारे. मांजरपाट टिकाऊ व स्वस्त, पण पहिल्या पाच-सहा धुण्यांपर्यंत राठ असतो. तो मधल्या थरात चालेल, अंगाला लागेल असा नको. फलालीन नवी असताना लोकरीसारखी मऊ लागते, पुढे तिच्यावर गोळे येतात. जुन्या बनियनचे होजिअरी कापड अंगालगतच्या थराला उत्तम, आणि ते फुकटचे. टॉवेलचे कापड पाणी पुष्कळ धरते खरे, परंतु त्याचे फासे म्हाताऱ्या कातडीला टोचतात आणि पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाही. मायक्रोफायबर ओल झपकन ओढते, मात्र त्यावर वजन आले की तीच ओल बाहेर सोडते. आजोबा त्यावर झोपलेलेच असतात, म्हणजे उपयोग काय? शिवाय उघड्या कातडीला ते थेट लावूच नये, कातडीचाही ओलावा ते ओढून घेते. बांबूचे कापड म्हणून जे महाग विकले जाते ते बहुधा व्हिस्कोस असते, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला धागा. ते शोषते चांगले, वाळते सावकाश. त्याच्या जंतुनाशक गुणांबद्दल पाकिटावर जे लिहिलेले असते त्यासाठी मी तरी जादा पैसे देणार नाही.

बाहेरच्या आवरणासाठी पॉलिस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेले कापड वापरतात. दुकानदार त्याला पीयूएल म्हणतात. ते पाणी अडवते, तरी प्लास्टिकइतके कोंदट होत नाही. त्यावर इस्त्री फिरवू नये, उकळते पाणीही टाळावे. मेणकापड वा रेक्झिन अंगाभोवती कधीही गुंडाळू नये. ते गादीवर, चादरीच्या खाली ठीक आहे.

माझ्या दवाखान्याच्या गल्लीत एक ताई शिवणकाम करतात. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश असे त्यांचे काम. आजोबांसाठी कापडी डायपर शिवून द्याल का, असे विचारले तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग टेप घेऊन माझ्याबरोबर आल्या. त्यांनी एक गोष्ट मला शिकवली: माप झोपलेल्या स्थितीत घ्यायचे. आजारपणात माणूस आटतो, त्यामुळे जुन्या पायजम्याचे माप फसवते. कमरेचा व दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा आणि इलॅस्टिकखाली दोन बोटे सहज जातील इतकी सैल ठेवायची. बंद समोर हवेत. पाठीमागे वा माकडहाडावर बटण, गाठ किंवा जाड शिवण आली तर तिथेच शय्याव्रणाची सुरुवात होते. वेल्क्रो सोपा, मात्र त्याची खरखरीत बाजू कातडीला लागू देऊ नये आणि धुताना तो बंद करून धुवावा. साध्या नाड्याही चालतात.

आता किंमत. पुढील दर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत, आपल्या बाजारातले दर त्यांच्या जागी घालावेत. आतली पट्टी शिवल्यावर १२ इंच रुंद व २८ इंच लांब हवी असेल, तर शिवणीसह १३ बाय २९ इंचांचे तुकडे कापावे लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात आडवे तीन तुकडे बसतात. सहा थरांसाठी अशा दोन ओळी, म्हणजे साधारण दीड मीटर कापड. मीटरला ७० रुपये दर असेल तर कापडाचे १०५ रुपये झाले. सुती कापड आटते म्हणून ते आधी भिजवून वाळवूनच कापावे. धागा व घट मिळून १० रुपये.

मग शिलाई. ताईंनी पट्टीमागे २० रुपये सांगितले. मी सोबतीला बसून हिशेब केला. कापणे, थर लावणे, मधून टीप मारणे हे सारे धरून एका पट्टीला अर्धा तास लागतो. दिवसभरात घरचे काम सांभाळून दहा पट्ट्या झाल्या तर हाती २०० रुपये, रोवणीच्या मजुरीपेक्षाही कमी. "ताई, चाळीस सांगा," मी म्हटले. त्या म्हणाल्या, "मग लोक म्हणतील, चाळीसात तर तयार डायपर येतो." या वाक्यातच हाताने शिवलेल्या वस्तूची सगळी अडचण आहे. तयार डायपर एकदा वापरून फेकायचा असतो, ही पट्टी नीट धुतली तर शेकडो वेळा वापरली जाते. पण गिऱ्हाईक दोन्हींची किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहते. शिवणाऱ्या बाईचा वेळ फुकट आहे असे धरूनच आपण घरगुती वस्तू स्वस्त म्हणतो. माझ्या वाचकांपैकी कोणी अशी पट्टी शिवून घेणार असेल तर कापडाच्या दरात घासाघीस करावी, शिलाईत करू नये.

तर पट्टी १५५ रुपयांना पडली. आवरणासाठी ६० इंच पन्ह्याचे पीयूएल मीटरला ३०० रुपये धरले तर एका मीटरमध्ये दोन आवरणे निघतात, म्हणजे प्रत्येकी १५० रुपये. इलॅस्टिक व वेल्क्रो ४०, शिलाई ८०, धागा व घट १०; एकूण २८०. आजोबांसाठी आम्ही सहा पट्ट्या व तीन आवरणे शिवली. ९३० आणि ८४० मिळून १७७० रुपये झाले. इतर काहीच न शिवता पुरवायचे म्हटले असते तर किमान अठरा पट्ट्या लागल्या असत्या. ते वाचले, कारण पेटीत आजींची दोन सुती लुगडी होती.

नऊवारी लुगडे म्हणजे ३२४ इंच लांबी. पन्हा ४५ इंच असेल तर एका लुगड्यातून ४५ इंचांचे सात चौकोन निघतात. कडा दुमडून घेतल्या की झाले, कडेला फाटलेला भाग असेल तर तो कापून चौकोन थोडा लहान करावा. चौकोनाची आधी तीन पदरी उभी घडी घालावी, मग ती मधोमध दुमडावी. १५ बाय साडेबावीस इंचांची सहा पदरी पट्टी तयार होते. पुरुषांना पुढच्या बाजूला व स्त्रियांना मध्यभागी अधिक थर लागतात, त्याप्रमाणे घडी बदलता येते. याचा खरा फायदा पावसाळ्यात कळतो. शिवलेली सहा थरांची पट्टी आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात पडवीत टांगली तर आतून दोन दिवस दमट राहते, तिला कुबट वास येतो आणि ती तशीच वापरली तर बुरशीला आमंत्रणच. लुगड्याचा चौकोन उघडला की एकच पदर. पंख्याखाली काही तासांत वाळतो. म्हणून चार महिने चौकोन आणि उरलेले आठ महिने पट्ट्या, असे मी सांगतो. चौदा चौकोन व सहा पट्ट्या मिळून वीस झाले. दिवसाला सहा-सात बदल धरले तर जवळजवळ तीन दिवसांची सोय.

धुण्याबद्दल लोक फार प्रयोग करतात. शौच आधी संडासात झटकून टाकावे, मग कापड वेगळ्या बादलीत साध्या पाण्यात भिजवावे, साबणाने धुवावे आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके खळबळून काढावे. दोनदा काढले तर उत्तम. कापडाला सुगंध व मऊपणा आणणारे द्रव वापरू नये, त्याचा थर सुतावर बसून कापड पाणी धरेनासे होते. खळ नको, फिनाइल नको, शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाची बाटली ओतणेही नको. त्याचे अवशेष कातडी जाळतात. बुरशी झालेली असेल तेव्हा सुती कापड (आवरण नव्हे) उकळत्या पाण्यातून काढावे. एरवी साबण, ऊन आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री पुरेशी आहे. हे धुणे बोडीवर किंवा तलावावर नेऊ नये. आपला जिल्हा तलावांचा, त्याच पाण्यात गुरे उतरतात आणि मुले पोहतात.

वापरलेला विकतचा डायपर संडासात टाकू नये, शोषखड्डा तुंबतो. चुलीत वा उकिरड्यावर जाळूही नये. घनकचरा नियमांनुसार तो नीट गुंडाळून इतर कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. ज्या गावात गाडी येत नाही तिथे काय करावे, हा प्रश्न मला विचारला जातो आणि त्याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. कापड वापरण्याचे हेही एक कारण.

कातडीची काळजी थोडक्यात. दर दोन-तीन तासांनी हात लावून पाहावे, शौच झाल्यास लगेच बदलावे. कोमट पाण्याने धुऊन, न चोळता टिपून कोरडे करावे. मग झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावावी. जाड थापले तर ते कापडाला चिकटून पाणी अडवते, खोबरेल तेलाचेही तसेच. हवे तर मध्ये मलमलीचा एक सुटा तुकडा घालावा आणि तो वेगळा धुवावा. पावडर टाकू नये, ओलीत तिचे गोळे होऊन जांघेत घासतात. औषधांच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणू नये. पुष्कळ ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, नंतर कातडी कागदासारखी पातळ होते आणि बुरशी पसरते. कातडी सोललेली, फोड आलेले, माकडहाडावर वा टाचेवर न जाणारी लाली किंवा काळसर डाग दिसला, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि जो माणूस कालपर्यंत स्वतः उठून जात होता त्याला आज अचानक धरवत नसेल, तर डायपर आणण्याआधी तपासणी करावी. जंतुसंसर्ग, साखर वाढणे, पुरुषग्रंथीची वाढ, घट्ट बद्धकोष्ठ, लघवीच्या गोळ्यांची चुकीची वेळ, यांपैकी पुष्कळ कारणांवर उपाय असतो.

आजोबांच्या बाबतीत दिवसाचे निम्मे कापड तर भांड्यानेच वाचले. डावा हात चांगला असल्याने लघवीचे भांडे खाटेशेजारी त्या हाताला येईल असे ठेवले. दर दोन तासांनी नातू त्यांना आठवण करतो, शाळेतून आल्यावर. तो नसताना शेजारच्या काकू. रात्री एक विकतचा डायपर, महिन्याचे १२०० रुपये. साबणाचे अडीचशे धरा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा त्रास नसल्याने पाण्यावर माझे बंधन नाही. सकाळी एक तांब्या भरून ठेवायचा, तो दुपारच्या जेवणापर्यंत संपला पाहिजे, दुसरा दिवेलागणीपर्यंत. झोपण्याआधी घोटभर.

गेल्या आठवड्यात सून औषधे न्यायला आली होती. कातडी भरून आली आहे. तांब्याचे विचारले तर म्हणाली, पहिला रिकामा होतो, दुसरा अर्धाच. आजोबा अजूनही तिला विचारतात, हे कितीला पडते. तिने त्यांना सांगितले आहे की हे सासूबाईंचे लुगडे आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. शिवणाऱ्या ताईंकडे आता आणखी दोन घरांची मापे आली आहेत. शिलाई त्यांनी पस्तीस रुपये लावली आहे.